आडवाटेच्या सायकलप्रवासाची आखणी

सायकल कशी चालवावी हे बेळगावकरांना कुणी शिकवावे अशातला भाग नाही. शहापूर-वडगावच्या गल्ल्यांतून कारागिरांच्या, भाजीवाल्यांच्या आणि दूधवाल्यांच्या सायकली पिढ्यान्‌पिढ्या धावत आल्या आहेत. परंतु गेल्या काही वर्षांत महाविद्यालयाच्या सायकल-स्टँडवर एक निराळी जात दिसू लागली आहे. रुंद, खाचदार टायर, पुढच्या चाकावर दणका सोसणारा काटा, डिस्क ब्रेक आणि दहा-बारा गियर, असा हिचा थाट. हिला माउंटन बाईक म्हणतात. ही सायकल विकत घेतली की पंधरा दिवसांच्या आत तिचा मालक स्टाफरूमच्या दारात उभा राहतो आणि विचारतो, “सर, जांबोटीवरून कणकुंबीपर्यंत जंगलातल्या वाटेने गेलं तर किती किलोमीटर होतील हो?”

मला प्रामाणिकपणे असे वाटते की हा प्रश्नच चुकीच्या टोकाने विचारलेला आहे. डांबरी रस्त्यावर किलोमीटर हे माप खरे असते, कारण तिथे एक किलोमीटर दुसऱ्या किलोमीटरसारखाच असतो. आडवाटेवर तसे नसते. पाणंदीतला किलोमीटर पाच मिनिटांत सरतो आणि ओढ्याच्या काठचा किलोमीटर सायकल खांद्यावर घेऊन अर्धा तास खातो. म्हणून दीर्घ पल्ल्याच्या कच्च्या वाटेवरील प्रवासाची आखणी किलोमीटरांत करायची नसून तासांत, पाण्यात आणि परतीच्या वाटांत करायची असते. हे एवढे पटले तर बाकीचे सारे तपशील आहेत. पण ते तपशीलच जिवावर बेतणारे असल्यामुळे त्यांचा विस्तार करणे भाग आहे.

प्रथम या वाहनाच्या जन्माविषयी दोन शब्द. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात माउंट टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. १९७०च्या दशकात तेथील काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन त्या डोंगरावरून मातीच्या रस्त्याने खाली सुटत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी त्याच परगण्यात पहिली शर्यत घेतली. उतारावर मागच्या चाकाच्या हबमधला ब्रेक इतका तापे की त्यातले ग्रीस जळून धूर निघे आणि प्रत्येक खेपेनंतर हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. त्यावरूनच त्या शर्यतीला ‘रिपॅक’ हे नाव पडले. १९७७ मध्ये जो ब्रीझ याने या कामासाठी मुद्दाम नवी सायकल बांधली, १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी अशा सायकली विकण्याचा धंदा काढला आणि १९८१ पासून त्या कारखान्यात बनू लागल्या. म्हणजे हे यंत्र जन्माला आले ते डोंगर उतरण्यासाठी, आणि तेही तासा-दोन तासांच्या मौजेसाठी. दिवसभर किंवा चार दिवस आडवाटेने जाण्याची कल्पना मात्र या यंत्राहून कितीतरी जुनी आहे.

आखणी म्हणजे काय हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने १८९७ सालच्या एका प्रवासाचा अभ्यास अवश्य करावा. अमेरिकन सैन्याच्या पंचविसाव्या पायदळ पलटणीत सैनिक कृष्णवर्णीय आणि अधिकारी गोरे असत. त्या पलटणीतले वीस सैनिक लेफ्टनंट जेम्स मॉस याच्या हाताखाली १४ जून १८९७ रोजी मोंटाना राज्यातील फोर्ट मिझूला येथून सायकलींवर निघाले आणि २४ जुलै रोजी सेंट लुइस शहरात पोहोचले. बरोबर एक शल्यवैद्य आणि एक वार्ताहर होता. अंतर सुमारे १९०० मैल, म्हणजे तीन हजार किलोमीटरांवर, आणि लागलेले दिवस एकेचाळीस. भागाकार केला तर दिवसाला सरासरी पंचाहत्तर किलोमीटर पडतात. गियर नसलेल्या सायकली, तंबू, पांघरूण, बंदूक, शिधा असे ओझे, आणि रस्ता जवळजवळ नाहीच.

हे कसे साधले? मॉसने आधीच्या वर्षी जवळपासच्या डोंगरांत लहान फेऱ्या काढून माणसे आणि यंत्रे पारखून घेतली होती. सगळा शिधा पाठीवर न घेता तो वाटेत साधारण शंभर-शंभर मैलांवर आधीच पाठवून ठेवला होता आणि प्रत्येकाजवळ दोन दिवसांपुरतेच अन्न असे. मुख्य म्हणजे त्याने मार्ग आखला तो बराचसा रेल्वेच्या सोबतीने. कारण रेल्वेच्या कडेला पाणी असते, माणसे असतात आणि सायकल मोडली तर सुटे भाग मागवता येतात. इतके करूनही दोन गोष्टींनी त्यांना छळले. एक, मोंटानातला चिखल. पावसाने भिजलेली तिथली चिकणमाती चाकात आणि चौकटीत अशी भरे की चाक फिरायचेच थांबे. तेव्हा ते रुळांवर चढून स्लीपरांवरून सायकली ढकलीत गेले. दुसरी, नेब्रास्कातील वाळूच्या टेकड्या. तिथे उन्हाचा कहर, सायकल चालवणे अशक्य, आणि पाणी मिळाले तर ते क्षारयुक्त. ते पिऊन माणसे आजारी पडली. अंतराने त्यांना कुठेही अडवले नाही. त्यांना अडवले ते मातीने आणि पाण्याने.

(जाता जाता एक सांगतो, कारण इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी ते ध्यानात ठेवावे. या तुकडीत सार्जंटचे काम करणारा मिंगो सँडर्स नावाचा अनुभवी सैनिक होता. १९०६ साली टेक्सासमधील ब्राउन्सव्हिल प्रकरणात कोणताही खटला न चालवता पंचविसाव्या पलटणीच्या १६७ कृष्णवर्णीय सैनिकांना काढून टाकण्यात आले, त्यांत तोही होता. तो कलंक अधिकृतपणे पुसला गेला १९७२ साली. तोपर्यंत बहुतेक सारे मरून गेले होते. मॉसचे नाव सायकलींच्या पुस्तकांत सापडते. सँडर्सचे शोधावे लागते.)

आता आपल्या मुलखाकडे वळू. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे. पूर्वेला बैलहोंगल-सौंदत्तीकडे काळ्या मातीची सपाटी, पश्चिमेला जांबोटी, कणकुंबी, चंदगड अशी सह्याद्रीची माथ्यावरची तांबडी जमीन, आणि त्यापलीकडे गोव्यात व दोडामार्गात एकदम खाली कोसळणारे घाट. म्हणजे मोंटानाचा चिखल आपल्याकडेही आहेच! पावसानंतर काळ्या रानात सायकल घातली तर शंभर पावलांत चाके जाम होतात, आणि ती माती सुकल्यावर खरवडायला लोखंडी पट्टी लागते. तांबडी, जांभ्याची जमीन त्या मानाने दयाळू आहे. पाऊस थांबून दोन दिवस गेले की पाणी निथळते. पण जांभ्याच्या सड्यावर शेवाळ धरलेले असते आणि ते दिसत नाही. सड्यावर ओल असेल तर खाली उतरून चालावे, यात कमीपणा नाही.

पावसाचे मानही चाळीस-पन्नास किलोमीटरांत विलक्षण बदलते. बेळगाव शहरात वर्षाला तेराशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस, तर आंबोलीला सात हजारांच्या घरात. तेव्हा ‘इथे पाऊस थांबला, चला’ हा हिशेब पश्चिमेकडे चालत नाही. माझ्या मते जंगलातल्या वाटांसाठी दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर हाच काळ योग्य. त्याआधी ओढ्यांना पाणी असते आणि जळवा असतात. त्यानंतर पाणीच नसते.

आता मूळ प्रश्न, तासांचा. डोंगरात चालणाऱ्यांसाठी विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधा नियम सांगितला होता. दर तीन मैलांना एक तास धरा आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास मिळवा. सायकलीसाठी मी याच धर्तीवर एक कोष्टक वापरतो. ते शास्त्र नव्हे, आपल्या भागातल्या मध्यम ताकदीच्या विद्यार्थ्यांना लागू पडणारा अंदाज आहे. डांबरी रस्ता ताशी अठरा किलोमीटर, बैलगाडी किंवा ट्रॅक्टर जाणारी वाट ताशी दहा, पाऊलवाट ताशी पाच. शिवाय दर शंभर मीटर चढाला पंधरा मिनिटे. या सगळ्याच्या बेरजेवर दर तासामागे दहा मिनिटे विश्रांतीची.

एक उदाहरण करून पाहू. समजा, तुम्ही आखलेला फेरा बासष्ट किलोमीटरांचा आहे. त्यांतले बावीस डांबरी, अठ्ठावीस गाडीवाटेचे आणि बारा पाऊलवाटेचे. एकूण चढ नऊशे मीटर. पहिल्या हिश्शाला सव्वा तास, दुसऱ्याला दोन तास अठ्ठेचाळीस मिनिटे, तिसऱ्याला दोन तास चोवीस मिनिटे, म्हणजे झाले सुमारे साडेसहा तास. चढाचे सव्वादोन तास. एकूण पावणेनऊ. विश्रांतीचे जवळजवळ दीड तास. बेरीज सव्वादहा तासांच्या जवळ जाते. जो विद्यार्थी बासष्टला अठराने भागून ‘साडेतीन तासांत जेवायला घरी’ म्हणत होता त्याला ही बेरीज अवश्य करायला लावावी.

डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहानंतर थोड्याच वेळात मावळतो. उजाडताच साडेसहाला निघालात तरी सारे सुरळीत झाल्यास पावणेपाच वाजतील. हातात शिल्लक सव्वा तास. एक पंक्चर, एकदा चुकलेली वाट, एकाच्या पायात गोळा, की तो सव्वा तास संपला. आणि संध्याकाळची ती वेळ गव्यांची आणि अस्वलांची बाहेर पडण्याची असते. या शतकाच्या आरंभापासून चंदगड-खानापूरच्या रानात हत्तींचाही वावर आहे. म्हणून किमान दोन तास शिल्लक उरत नसतील तर तो फेरा छाटावा. ‘बघू, जमेल’ ही आखणी नव्हे.

कोष्टकात घालायचे आकडे नकाशावरून मिळतात. भारतीय सर्वेक्षण विभागाचे पन्नास हजारांत एक या प्रमाणाचे स्थलदर्शक नकाशे यासाठी सर्वांत उत्तम. त्यांत दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि समोच्च रेषा वीस-वीस मीटरांवर. आपला बहुतेक भाग ४८ आय या चौकटीत येतो. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी प्रात्यक्षिकाच्या वहीत हे नकाशे रंगवलेले असतात, पण त्यांवर दोरा ठेवून वाट मोजण्याचा खटाटोप फार थोडे करतात. दोरा वाटेच्या वळणांवरून फिरवावा, तो सरळ करून मोजावा आणि वर पंधरा टक्के धरावेत, कारण जमिनीवरची वाट नकाशातल्यापेक्षा नेहमीच अधिक वाकडी असते. चढ मोजताना सुरुवातीची आणि शेवटची उंची वजा करू नये. वाट जितक्या वेळा ओढ्यात उतरते आणि पुन्हा चढते तितक्या वेळा रेषा मोजाव्यात. आपल्याकडच्या वाटा उंच नसतात, पण त्या दर किलोमीटरला ओढा गाठतात, आणि थकवा येतो तो त्या पाच-पाच रेषांच्या लहान चढांनी.

हल्ली मोबाईलवर उपग्रहाची चित्रे आणि तयार मार्ग मिळतात. त्यांचा उपयोग जरूर करावा. नकाशा निघण्यापूर्वी मोबाईलमध्ये उतरवून ठेवावा, कारण जांबोटीच्या पुढे कित्येक ठिकाणी सिग्नल मिळत नाही. परंतु उपग्रहाला झाडांखालची वाट दिसत नाही, आणि जी दिसते ती आज चालू आहे की गेल्या पावसात वाहून गेली हे समजत नाही. बॅटरी संपली की सारेच संपले. कागदाचा नकाशा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हँडलवर बांधला तर त्याला बॅटरी लागत नाही.

यापेक्षाही मोठा नकाशा म्हणजे गावचा माणूस. पण त्याला विचारायचे कसे, ही कला आहे. “पुढचं गाव किती लांब?” असे विचारले तर उत्तर येते, “हे काय, इथंच की.” हे ‘इथंच’ दोन किलोमीटर असू शकते किंवा बारा. त्याऐवजी “चालत जायला किती वेळ लागतो?” असे विचारावे, तो रोज चालतो, त्याचे उत्तर बरोबर असते. आणि दुसरा प्रश्न, माझ्या मते सर्वांत मोलाचा: “ट्रॅक्टर जातो का?” ट्रॅक्टर जात असेल तर ती वाट सायकलीची. ट्रॅक्टर जात नाही पण बैल जातो, तर काही ठिकाणी उतरावे लागेल. “गुरं जातात, पण पावसानंतर कुणी गेलं नाही” असे उत्तर आले तर कोष्टकातला वेग ताशी तीनवर आणावा किंवा वाट सोडावी. सीमाभागात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना एक सोय आहे. पूर्वेकडे हेच प्रश्न कन्नडमधून विचारता येतात. ‘एष्टु दूर’पेक्षा ‘एष्टु होत्तु बेकु’ विचारा, म्हणजे तिथेही हाच अनुभव येईल. आमच्या कन्नड विभागातील मित्रांना बरोबर घेण्याचे हे आणखी एक कारण. गावांची नावेही दोन्ही भाषांतली टिपून ठेवावीत. फलकावर एक, नकाशावर दुसरे आणि लोकांच्या तोंडी तिसरे, असे पुष्कळदा होते.

पाण्याचा हिशेब सोपा पण निष्ठुर आहे. थंडीच्या दिवसांत श्रम करणाऱ्या माणसाला तासाला निदान अर्धा लिटर, मार्चच्या उन्हात जवळजवळ एक लिटर लागते. दहा तासांचे पाच ते दहा लिटर होतात. लिटरला एक किलो वजन, तेव्हा तेवढे सगळे पाठीवर वाहणे शक्य नाही. मॉसने शिध्याचे जे केले ते आपण पाण्याचे करावे, म्हणजे ते कुठे कुठे मिळेल त्या जागा आधी ठरवाव्यात. गावची शाळा, देऊळ, चहाची टपरी या जागा भरवशाच्या. नकाशातली विहीर भरवशाची नाही. ती कोरडी असेल, कठडा ढासळलेला असेल किंवा दोर नसेल. दोन जागांमधले अंतर तासांत मोजावे आणि तेवढ्या तासांचे पाणी अधिक एक लिटर बरोबर घ्यावे. ओढ्याचे पाणी वाहते असले तरी वर गुरे बसलेली असतात. ते पिण्याची वेळ आलीच तर शुद्धीकरणाच्या गोळ्या टाकून अर्धा तास थांबावे.

खाण्याबद्दल मी फार लिहीत नाही. भाकरी-चटणी, शेंगदाणे-गूळ, केळी आणि चिमूटभर मीठ यांनी दिवस निभावतो. दर पाऊण तासाने थोडे खात राहावे. भूक लागल्यावर खाल्ले तर उशीर झालेला असतो. कुंदा न्यायला हरकत नाही, फक्त तो उन्हात ठेवू नये.

यंत्राकडे वळू. माउंटन बाईकला टायर सव्वादोन इंचांच्या आसपास रुंद असतात. त्यांत दगडासारखी हवा भरणे हा आपल्याकडचा आवडता प्रकार आहे. आडवाटेवर तिशीच्या आसपास पौंड हवा पुष्कळ होते. चाक दगडाला मिठी मारून जाते आणि हातांना दणके कमी बसतात. अगदीच कमी केली तर मात्र ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटून एकदम दोन भोके पडतात. दोन ट्यूब, पंक्चरचे सामान, पंप, चेन तोडण्याचे हत्यार, चेन जोडण्याची एक सुटी कडी, ब्रेक-पॅडची जोडी आणि षट्‌कोनी किल्ल्या एवढे प्रत्येक तुकडीत हवेच. आणि एक वस्तू, जी दहांपैकी नऊ जण नेत नाहीत: मागच्या डिरेलरला धरून ठेवणारा अ‍ॅल्युमिनियमचा लहानसा तुकडा, ज्याला हँगर म्हणतात. सायकल उजव्या बाजूवर पडली की तो वाकतो किंवा तुटतो. सायकलीची चौकट वाचावी म्हणून तो मुद्दामच नरम केलेला असतो. प्रत्येक कंपनीचा, कित्येकदा प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा असतो आणि खेड्यातल्या दुकानात तो मिळण्याची आशा नको. शेकड्यांत किंमत, खिशात मावतो, आणि नसेल तर पंधरा किलोमीटर ढकलगाडी. हे सारे सामान नुसते बरोबर असून चालत नाही. चेन तोडून जोडणे प्रत्येकाला स्वतःच्या हातांनी आले पाहिजे, आणि ते व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर शिकावे, जंगलात नव्हे. लांबच्या फेरीआधी सगळे सामान लादून एकदा राजहंसगडापर्यंत जाऊन यावे. जे सैल आहे ते येळ्ळूरच्या अलीकडेच वाजू लागते.

आता अशा गोष्टीकडे येतो जिच्याविषयी आपल्याकडे फार बेफिकिरी आहे. नकाशावर वाट आहे म्हणून ती आपल्याला खुली आहे असे नव्हे. खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्य २०११ साली घोषित झाले. क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. म्हादईचे उगमप्रदेश, बारापेडे गुहांतील राउटनचे दुर्मीळ वटवाघूळ, सारे याच परिसरातले. पलीकडे गोव्यात म्हादई अभयारण्य १९९९ पासून आहे, आणि महाराष्ट्राच्या बाजूला तिलारीचे संवर्धन राखीव क्षेत्र २०२० मध्ये झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात परवान्याशिवाय शिरणे हा गुन्हा आहे. आमच्या बाजूला तीन राज्यांची वनखाती एका दिवसाच्या सायकलफेरीत येऊ शकतात आणि एकाचा परवाना दुसऱ्याला चालत नाही. तेव्हा आखणीतले पहिले पत्र वनखात्याला, तेही महिनाभर आधी. परवाना मिळाला नाही तर अभयारण्याच्या बाहेरून राकसकोप, तुडये, चंदगड या बाजूला जावे. तिकडे पाणंदी आणि माळ पुष्कळ आहेत. तीच गोष्ट रेल्वेची. मॉसचे सैनिक रुळांवरून गेले म्हणून आपण कॅसलरॉककडून दूधसागरकडे रुळांवरून सायकल ढकलीत जाऊ नये. १९८९ च्या रेल्वे कायद्याने ते गुन्हा ठरते, आणि बोगद्यात गाडी आली तर कायद्याची आठवण करायलाही वेळ मिळत नाही.

अभयारण्यात आमगाव, गवाळी अशी गावे आहेत. जी वाट आपल्याला ‘मस्त’ वाटते ती त्यांची बाजाराची, शाळेची आणि दवाखान्याची वाट असते, आणि पावसाळ्यात तीही तुटते. मग आजारी माणसाला खांद्यावरून आणावे लागते. ओल्या गाडीवाटेवर दहा रुंद चाकांनी चर पाडले की पुढच्या पावसाचे पाणी त्याच चरांतून वाहते. म्हणून वाट ओली असेल तर त्या गावाकडे जाऊ नये असे माझे मत आहे. याला कायद्याचा आधार शोधण्याची गरज नाही.

एक धोका असा आहे की जो दिसत नाही. सत्तरी आणि दोडामार्ग तालुक्यांत २०१५-१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा रोग गोचिडांमुळे पसरतो आणि त्याचा जोर हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत असतो, म्हणजे नेमका आपल्या सहलींच्या काळात. पाचोळ्यात बसू नये, मेलेल्या माकडाच्या आसपास थांबू नये, पायमोजे पँटवर ओढावेत, घरी आल्यावर अंग नीट तपासून गरम पाण्याने आंघोळ करावी. आठवडाभरात ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचे आवर्जून सांगावे, नाहीतर ते साध्या तापाचे औषध देतील. सर्पदंश झाला तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांपैकी काहीही न करता माणसाला निजवून, वाहनाने, तालुक्याच्या दवाखान्यात नेणे एवढेच करायचे. त्याला सायकल चालवू देऊ नये.

यावरून परतीच्या वाटांचा मुद्दा येतो. मार्ग आखून झाला की त्याच्यावर लाल पेन्सिलीने खुणा कराव्यात: इथून डांबरी रस्ता किती तासांवर, इथून बस किंवा टेम्पो कुठे मिळेल. दोन खुणांमध्ये दोन तासांपेक्षा अधिक अंतर पडत असेल तर नवशिक्यांना घेऊन त्या मार्गाने जाऊ नये. चार जणांची तुकडी उत्तम. एकाला इजा झाली तर एक त्याच्याजवळ थांबतो आणि दोघे मदतीला जातात. तुकडीचा वेग सर्वांत हळू चालवणाऱ्याचा असतो आणि कोष्टकही त्याच्याच वेगाने मांडायचे. सर्वांत तगडा गडी सर्वांच्या मागे ठेवावा; पुढे ठेवला तर तो दिसेनासा होतो.

आणि परतण्याची घटका घरून निघण्याआधीच ठरवावी. वाटेत ठरवू म्हटले की ती ठरत नाही, कारण पुढे एक वळण नेहमीच असते. गोव्याच्या बाजूला जाताना एक फसवणूक आहे ती सांगतो. सकाळी गार हवेत घाट उतरणे फार सुखाचे, आणि वेळ कमी लागतो. पण तोच घाट दुपारी दोनच्या उन्हात चढायचा असतो. जायला साडेतीन तास लागले तर यायला साडेपाच लागतात. हातात नऊ तास असतील तर अर्धी वेळ साडेचारला येत नाही. साडेतीन तास झाले की, समोर काहीही दिसत असो, तोंड फिरवायला हवे. गेल्या हिवाळ्यात आमच्या तुकडीतील एका प्रथम वर्षाच्या विद्यार्थिनीने ठरलेल्या वेळी घड्याळ दाखवून सायकल वळवली, तेव्हा धबधबा अर्ध्या तासावर होता आणि बाकीचे कुरकुरले. परतीच्या चढावर एकाची चेन तुटली, दुसऱ्याला उन्हाने उलट्या झाल्या. डांबरी रस्त्याला लागलो तेव्हा दिवे लागत होते.

निघण्यापूर्वी घरी एक चिठ्ठी ठेवावी. तीत मार्ग, बरोबरच्या सर्वांची नावे व रक्तगट, पाण्याच्या जागा, लाल खुणा आणि परतण्याची वेळ लिहावी. त्या वेळेनंतर दोन तास वाट पाहून कुणाला फोन करायचा हेही क्रमाने लिहावे: आधी वाटेतल्या शेवटच्या गावातला ओळखीचा माणूस, मग परवाना देणारे वनखात्याचे कार्यालय, मग ११२. आणि परत आल्यावर, हातपाय धुण्याआधी, त्या सगळ्यांना ‘पोचलो’ म्हणून कळवावे.